तक्रार नाही

जिलबीचं वजन आठशे नव्वद ग्रॅम भरलं आणि केशरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मॅडम, हिला आज कापायची नाई," ती म्हणाली.

डॉ. शर्वरी टिळेकर बेसिनपाशी हात धूत होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "मावशी, मुहूर्त आजचा निघालाय."

"मुहूर्त लग्नाचाबी निघतो. पण पोरगी वयात आली का नाई, ते आधी बघतेत ना?"

"मशीनने बघितलंय."

"मशीनला हात हायेत का?"

केशरला हात होते. वाघोलीच्या या दवाखान्यात चौदा वर्षं तिने सशांखेरीज दुसरं काही धरलं नव्हतं. शिक्षण चौथी, तेही अर्धवट. पण ससा उलटा करून मांडीवर घेतला की एका अंगठ्यात ती नर-मादी सांगायची, आणि दुकानदाराने 'मादी' म्हणून विकलेले निम्मे नर तिनेच पकडलेले होते. मॅडम नवीन होत्या तेव्हा गुपचूप तिलाच विचारायच्या. आता विचारत नव्हत्या. आता भिंतीवर पडदा होता.

त्याचं असं झालं. सोसायट्यांनी एकामागोमाग एक ठराव करून कुत्री बंद केली. ससा भुंकत नाही, ओरबाडत नाही, शेजाऱ्याला कळतही नाही. दोन हजार चव्वेचाळीस साल उजाडेपर्यंत वाघोलीत दर चौथ्या घरात ससा होता. आणि सशाचं गणित कोणाला सांगायला नको. एकतीस दिवसांत वेत, वेताला सहा-सात पिल्लं, आणि व्यायल्याच दिवशी बाई पुन्हा तयार. महापालिकेने नियम काढला की पाळलेल्या प्रत्येक सशाचं ऑपरेशन झालंच पाहिजे. प्रश्न उरला तो कधी करायचं एवढाच.

आणि तो साधा प्रश्न नव्हता. नराच्या गोट्या अडीच-तीन महिन्यांत खाली उतरतात, त्याचं काम सोपं. मादीचं अवघड. ती चौथ्या ते सहाव्या महिन्यात वयात येते. फार लवकर पोट उघडलं तर गर्भाशय दोऱ्याएवढं बारीक असतं, ते शोधण्यात वेळ जातो आणि तेवढी भूल कोवळ्या जिवाला झेपत नाही. फार उशीर केला तर आत चरबी साठते. आणि केलंच नाही, तर तीन-चार वर्षांनी निम्म्याहून जास्त माद्यांना गर्भाशयाचा कॅन्सर होतो. हे काही भीती घालायला सांगत नाहीत, हे खरं आहे. म्हणून जुने डॉक्टर हाताने चाचपून, वजन बघून, मालकाशी बोलून दिवस ठरवायचे.

मग कंपनीने 'मुहूर्त' आणलं. सशाच्या कानाच्या मुळाशी एक पितळी रंगाची कडी बसवायची. तिच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया. त्या कातडीखालचं पाणी चाखतात आणि त्यातली संप्रेरकं तासातासाला मोजतात. मशीन ते आकडे हजारो सशांच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहतं आणि एक तारीख सांगतं. वर त्याची खरी हुशारी अशी की ते शिकत राहतं. ऑपरेशननंतर सातव्या दिवशी मालकाच्या फोनवर एकच प्रश्न जातो: काही तक्रार? ज्या वयात केलेल्या ऑपरेशनच्या तक्रारी कमी, ते वय मशीन शहाणं मानतं आणि पुढचे मुहूर्त तिकडे सरकवतं. मालकाने उत्तर दिलं नाही तर दवाखान्याने विचारून भरायचं. हे काम केशरकडे होतं. दर सोमवारी सकाळी.

पहिल्या वर्षी माद्यांचे मुहूर्त सहाव्या महिन्यात निघायचे. मग पाचव्यात. मग साडेचारात. जिलबी चौदा आठवड्यांची होती.

"हिच्या लेंड्या सकाळपासून पातळ हायेत," केशर म्हणाली.

आता मात्र शर्वरी वळल्या. "खरंच, की तुम्ही मला बनवताय?"

"तुमीच ठरवा."

लेंड्या खणखणीत होत्या. शर्वरींनी पिंजऱ्यात डोकावून पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. "एक आठवडा. त्याच्यावर एक दिवस नाही. तारीख चुकली तर विमा रद्द होतो, आणि कंपनी जाब मला विचारते, तुम्हाला नाही."

"इचारू द्या की. कोणी तरी कोणाला तरी इचारलं पायजे," असं पुटपुटत केशरने जिलबीला उचललं आणि आतल्या खोलीत नेऊन कोथिंबिरीची जुडी पुढ्यात टाकली. जिलबी तोंड हलवायला लागली. तिला काय, चौदा आठवड्यांचं वय, कोथिंबीर म्हणजे जग.

दुपारी डबा सोडला तोच फोन वाजला. पडद्यावर भाची होती, मंजुळा, धाकट्या भावाची मुलगी. बीडकडच्या आंबेटाकळीत दिलेली, वय तेवीस, दोन लेकरं. नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जायचे. सपाट रानातला ऊस आता यंत्रं तोडत होती, पण चढा-उताराच्या तुकड्यांत यंत्र उलटतं, तिथे अजून माणसंच लागत होती.

"आत्या, बघ मला कसली बुगडी मिळाली!" मंजुळाने कान पुढे केला. "सगळ्या बायांना वाटायलेत. फुकट हाय."

केशरच्या हातातला घास हातातच राहिला. कानाच्या वरच्या पाळीला पितळी रंगाची नाजूक बुगडी होती, मोती लावलेली. मोत्याशेजारी टिकलीएवढा दिवा. दिवा तांबडा होता.

"कोणी दिली ही?"

"कंपनीचे सर आलेत ना शाळेत. अंगात काय चाललंय ते सगळं ह्याला कळतं म्हणे. माझं तांबडं निघालं. पिशवी खराब हाय, आत्ताच काढली तर बरं, नाईतर कॅन्सर व्हतो म्हणे. येत्या गुरुवारचा दिवस आलाय. आत्या? ऐकायलीस ना?"

"तुला दुखतंय का काई?"

"दुखतं की. पाळीत दुखतं, अंगावरून पांढरं जातं. पण ते तर सगळ्याच बायांचं जातं ना? सासू म्हणली, काढून टाक, कटकट मिटंल. मुकादम म्हणतो, टोळी दसऱ्याला निघायची, त्याच्या आत उरकून घ्या. बाया अशा मधेच चार-चार दिवस बसल्या तर कोयता कसा चालायचा?"

"तपासलं का कोणी? हात लावून?"

"बुगडीनं तपासलं की."

केशरने फोन ठेवला. डबा तसाच झाकला. मग ती उठून आतल्या खोलीत गेली आणि जिलबीच्या कानावरची कडी बराच वेळ बघत उभी राहिली. मोती सोडला तर काडीचाही फरक नव्हता.

चोविसाव्या वर्षी केशरला असंच सांगितलं होतं. तालुक्याच्या डॉक्टरने खुर्चीतून न उठता सांगितलं होतं: पिशवीला सूज आहे, ठेवलीस तर कॅन्सर होईल. तिला फक्त पाळीत दुखत होतं. औषधाच्या चार गोळ्यांचं दुखणं. पण नवरा शेजारी मान डोलवत होता, मुकादम बाहेर गाडी घेऊन उभा होता आणि कागदावर शाईचा अंगठा उमटवायला जागा तयार होती. पंधराव्या दिवशी ती मोळ्या वाहत होती. तिशीत हाडं म्हातारीची झाली, ऐन थंडीत अंगातून वाफा निघायला लागल्या, चाळिशीत कंबर उठता-बसता रडवायची. नवऱ्याने तर वर्षभरातच 'आता हिच्यात काय राहिलं' म्हणून दुसरी आणली, तेव्हा मुलीला काखेत मारून ती पुण्याला आली. हे तिने दवाखान्यात कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायला कोणी विचारावं तर लागतं.

ती सरळ शर्वरींच्या खोलीत गेली. दार वाजवलं नाही.

"मॅडम, हे मुहूर्त माणसांनाबी लावायलेत. माझ्या भाचीला लावलंय. गुरुवारी तिची पिशवी काढायलेत."

"काहीतरीच काय मावशी. सशांचं मशीन आहे ते."

"मग माझ्या भाचीच्या कानात ससा बसलाय का?"

शर्वरींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. खुर्ची ओढली, कंपनीच्या खात्यात शिरल्या, आणि शोधत शोधत एका कागदावर आल्या. केशरला इंग्रजी येत नव्हतं. तिने मॅडमच्या चेहऱ्यावरून वाचलं.

"काय लिवलंय?"

"लिहिलंय की सशांवर यश मिळालं म्हणून तीच पद्धत ग्रामीण स्त्रियांसाठी आणली आहे." शर्वरी वाचत गेल्या. "मशीनला शिकवायला जुन्या नोंदी लागतात. त्यांनी तुमच्या भागातल्या नोंदी घेतल्यात. ऊसतोड कामगार बायका, सात हजारांवर. सगळ्यांची गर्भाशयं काढलेली. वय बावीस ते तीस. बहुतेक ऑपरेशनं दसऱ्याच्या आधी. आणि शेवटच्या रकान्यात..."

"काय हाय शेवटच्या रकान्यात?"

"ऑपरेशननंतर तक्रार: नाही. नाही. नाही. सगळीकडे नाही."

केशर हसली. ते हसू ऐकून शर्वरी दचकल्या.

"मला कोणी इचारलंच नाई, मॅडम," केशर म्हणाली. आणि मग तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खुर्चीतला डॉक्टर, शाईचा अंगठा, मोळ्या, अंगातल्या वाफा. सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिला संताप आला होता, आणि संतापाला एकोणतीस वर्षांचं व्याज चढलं होतं.

शर्वरींनी तो रकाना पुन्हा वरून खाली पाहिला. मग म्हणाल्या, "म्हणजे मशीन खोटं बोलत नाहीये. त्याला सांगितलंय की जिथे तक्रार नाही तो दिवस बरोबर. आणि तक्रार नाही, कारण..."

"कारण तोंड दाबून बुक्क्यांचा मार." केशरच्या डोक्यात एकदम काहीतरी चमकलं. तिला ते नको होतं, पण ते आलंच. "मॅडम, कापशीच्या नावापुढं काय हाय?"

कापशी म्हणजे पेंडसेकाकांची पांढरी मादी. बायको गेल्यावर काकांनी आणलेली. पंधराव्या आठवड्यात मुहूर्त निघाला, ऑपरेशन झालं, कापशीने खाणं सोडलं. सशाने बारा तास खाल्लं नाही की आतडी थांबतात. तिसऱ्या दिवशी काका बुटांच्या खोक्यात तिला घेऊन आले होते. केशरला म्हणाले होते, "बघा हो, उठतेय का." मग ते पुन्हा दवाखान्यात आले नाहीत.

शर्वरींनी नाव टाकलं. पडद्यावर आलं: कापशी. मादी. पंधरा आठवडे. तक्रार: नाही. नोंद करणार: केशर.

सोमवारी सकाळी दहा-बारा नावं पडद्यावर साठलेली असायची. एकेकाला फोन लावायचा तर दुपार व्हायची, आणि पिंजरे तर धुवायचेच असायचे. कंपनीने सोयीसाठी खाली एक बटण दिलं होतं, 'सर्वांसाठी नाही'. केशर रोज जेवायच्या आधी हात धुते तितक्या सहज ते दाबायची. ससा तर कण्हतही नाही. वाघ-कोल्ह्यांच्या राज्यात जगलेली जात ती, दुखलं तरी लपवते. मेलेल्याची तक्रार येत नाही. मशीनला वाटलं, जितकं कोवळं कापावं तितकं बरं. आंधळं दळत होतं आणि पीठ कोण खात होतं ते केशरला त्या क्षणी लख्ख दिसलं. जात्याचा खुंटा तिच्याही हातात होता.

तिने स्वतःच्या तोंडात एक चपराक मारून घेतली. खरोखरीची. आवाज झाला.

"मावशी!"

"त्या डॉक्टरात आन् माझ्यात काय फरक राहिला, सांगा! त्यानंबी असंच केलं आसंल. जेवायच्या आधी."

शर्वरी उठल्या. गाडीची किल्ली घेतली. "दवाखाना उद्या बंद. सकाळी सहाला तुम्हाला घ्यायला येते. आणि मावशी, मीसुद्धा तुमचे हात असताना भिंतीकडे बघत बसले. ते आपण नंतर बोलू."

आंबेटाकळीच्या शाळेत मंगळवारी दुपारी बायकांची रांग लागली होती. वर्गातल्या फळ्यावर कालची बेरीज तशीच होती आणि टेबलामागे कंपनीचा निनाद बसला होता. तिशीचा, गोड चेहऱ्याचा, सगळ्यांना 'ताई' म्हणणारा. त्याला वाईट म्हणता आलं नसतं, आणि केशरला त्याचाच जास्त राग आला. वाईट माणसाला निदान शिवी तरी देता येते.

मुकादम दारात तंबाखू मळत उभा होता. केशरला त्याने ओळखलं नाही. तेव्हा गाडी घेऊन उभा असलेल्या त्याच्या बापाने ओळखलं असतं.

केशर रांग मोडून पुढे गेली आणि खुर्चीत बसली.

"मावशी, नंबराने या," निनाद म्हणाला.

"माझा नंबर एकोणतीस वर्षांपूर्वी लागला व्हता. लाव बुगडी."

"तुमचं वय...?"

"त्रेपन्न. मशीनला चालत नाई का?"

"चालतं, चालतं. सगळ्या वयाच्या महिलांसाठी आहे." त्याने नाव लिहून घेतलं, तिच्याकडून अंगठा ठेवून घेतला आणि तिच्या कानाला बुगडी लावली. मंजुळा खिडकीपाशी धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती. आत्या गावात कशी आली तेच तिला कळेना.

दोन मिनिटं गेली. दिवा तांबडा झाला. निनादने पडदा बघितला आणि शिकवल्याप्रमाणे आवाज मऊ केला. "मावशी, घाबरू नका. गर्भाशयाची जोखीम जास्त दिसतेय. काढून टाकलेलं बरं. तुमचा दिवस... गुरुवार."

"कोणता गुरुवार?"

"हाच. परवाचा."

"हिचा कोणता?" तिने मंजुळाकडे बोट केलं. "आन् तिचा? त्या लिंबू रंगाच्या साडीवालीचा?"

रांगेतून आवाज आले: गुरुवार. गुरुवार. शुक्रवार. माझाबी गुरुवार.

केशर उठली. पदर खांद्यावर घट्ट केला, निऱ्या दोन बोटं खाली सारल्या, आणि बेंबीखालचा वण सगळ्या वर्गाला दाखवला. जाड, वाकडा, गोधडीला घाईत घातलेल्या टाक्यासारखा. मुकादमाने मान फिरवली.

"बघ," ती निनादला म्हणाली. "नीट बघ, लाजू नको. ही पिशवी माझ्या चोविसाव्या वर्षीच काढलीया. तुझं मशीन म्हणतं परवा काढा. आता कुठून काढतोस? कोणाची काढतोस?"

कोणीतरी हसलं. मग कोणीच हसलं नाही.

"मावशी, ही... म्हणजे आधी ऑपरेशन झालंय का, असा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता," निनाद म्हणाला. "मी वर कळवतो. सुधारणा करतील."

"वर नको कळवू. इथंच लिव. तुझ्या त्या सात हजारांत मी हाय."

"ती जुनी यादी आहे, मला त्यात शिरता येत नाही."

"मला येतं," शर्वरी मागून म्हणाल्या. "ज्या दवाखान्यांना सशांच्या तक्रारी भरायचा अधिकार दिलाय, त्यांना तुमच्या लोकांनी तीच किल्ली दिलीय. सशांचं आणि बायकांचं कपाट एकच ठेवलंत." त्यांनी आपला टॅब टेबलावर ठेवला. "मावशी, अंगठा."

केशरने अंगठा ठेवला. तेव्हाही तोच ठेवला होता, शाईत बुडवून. जुन्या कागदांवरचे ठसे कंपनीने फुकट मिळाले म्हणून जसेच्या तसे साठवले होते, आणि पडद्यावर ओळ उघडली. केशर. वय चोवीस. तक्रार: नाही.

त्याच्याखाली ते 'सर्वांसाठी नाही'चं बटण होतं. केशरला ते डोळे मिटूनही सापडलं असतं, दर सोमवारी दाबलेलं. पण दुसऱ्या बाजूला आणखी एक होतं, ज्याला तिचं बोट कधी लागलं नव्हतं. तिने ते दाबलं.

तक्रार: आहे.

मशीनने विचारलं: कधीपासून?

"एकोणतीस वर्षं," केशर म्हणाली, आणि शर्वरींनी लिहिलं. "लिवा. कंबर. हाडं. अंगातली वाफ. नवऱ्यानं टाकलं ते लिवा. मला खोटं सांगितलं, तेबी लिवा. कॅन्सर नव्हताच. जागा पुरली नाई तर दुसरं पान घ्या."

ती बाजूला झाली तोवर मागे एक म्हातारी येऊन उभी होती. मंजुळाची सासू. सुनेला 'काढून टाक' म्हणणारी. तिने कोणाकडे बघितलं नाही. अंगठा पुढे केला. "माझंबी लिवा," म्हणाली. "मला बी वाटलं व्हतं, असंच आसतं."

मग रांगच उलटली. तरण्या बायका भिंतीला सरकल्या आणि गावातल्या पन्नाशी-साठीच्या पुढे आल्या. निरोप घरोघर गेला. कोणी चुलीवरून उठून आली, कोणी काठी टेकत. प्रत्येकीची ओळ उघडली आणि प्रत्येकीच्या ओळीत तेच दोन शब्द होते. बायका सांगत होत्या, शर्वरी लिहीत होत्या. कितीतरी जणींनी हे आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं होतं.

मशीन शिकतच होतं. त्याला तर तेवढंच येत होतं. या गावापुरत्या नोंदी त्याच्याकडे मुळात थोड्या, आणि दर नव्या नोंदीसरशी ते हिशेब फिरवून बघत होतं. विसाव्या-बाविसाव्या बाईनंतर खिडकीपाशी मंजुळाच्या कानातला तांबडा दिवा फडफडला आणि विझला. निनादच्या पडद्यावर तिच्या नावापुढची तारीख गेली होती. तिथे लिहून आलं होतं: माहिती अपुरी. तपासणी करावी.

"हे एवढंच पहिल्या दिवशी म्हणायचं व्हतं," केशर म्हणाली.

मुकादम पुढे आला. "बाई, कोण तुम्ही? टोळी दसऱ्याला निघायचीय, आन् इथं..."

"तू उचल की मोळ्या," मंजुळाची सासू म्हणाली. इतक्या हळू म्हणाली की सगळ्यांना ऐकू गेलं. मुकादमाने तंबाखू तोंडात टाकली आणि तो बाहेर गेला. तो काही हरला नव्हता. तो उद्या दुसऱ्या गावाला जाणार होता, आणि हे केशरला कळत होतं. निनाद टेबलावरच्या बुगड्या एकेक करून खोक्यात भरत होता.

मंजुळाने बुगडी काढून हातात धरली. "आत्या, पण माझं दुखतं ते खरं हाय."

"खरंच हाय. दुखतंय तर तपासू. चांगली डॉक्टरीण बघू. औषधानं भागलं तर औषध, आन् काढायचीच म्हणाली तर आणखी दुसरीला इचारू. ससा बोलत न्हाई बाई, म्हणून त्याचं आपण ठरवतो, आन् तेबी चार वेळा बघून. तुला तोंड हाय." मग ती म्हणाली, "मलाबी व्हतं."

जिलबीचं ऑपरेशन सहाव्या महिन्यात झालं, वजन दीड किलोच्या वर गेल्यावर. शर्वरींनी दिवस ठरवण्याआधी कानावरची कडी काढून ठेवली होती आणि म्हणाल्या होत्या, "मावशी, तुम्ही सांगा." केशरने पोट चाचपलं, लेंड्या मोजल्या, आणि म्हणाली, "आता चालंल." दोन तासांनी जिलबीने कोथिंबीर खाल्ली. कंपनीचं पत्र आलं होतं, दवाखान्याचा करार रद्द करण्याचं. शर्वरींनी ते पिंजऱ्यात कागद कमी पडला तेव्हा अंथरलं.

पण ते सगळं नंतरचं. आंबेटाकळीहून परतल्यावर पहिल्याच सोमवारी सकाळी केशरने पिंजरे धुतले नाहीत. ती टेबलापाशी बसली. समोर अकराशे चाळीस जुनी नावं होती, सगळी तिच्या बोटाची. तिने पहिला नंबर लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली.

"हॅलो, पेंडसेकाका? वाघोलीच्या दवाखान्यातनं केशर बोलतेय. तुमच्या कापशीबद्दल इचारायचं व्हतं. काई तक्रार हाय का?"

पलीकडे काकांनी एक मोठा श्वास घेतला.

"आहे," ते म्हणाले.

"बोला," केशर म्हणाली. "मी लिवून घेते."